खंडेनवमीला अडलेलं उजवं चाक

आकारामची गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवरनं पुढची चाकं उतरली की भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज व्हायचा, आणि दारात थांबताना ब्रेक असे किंचाळायचे की समोरच्या कट्ट्यावरचं मांजर उठून आत जायचं. शेजारचे तात्यासो तेवढ्यापुरता पेपर खाली ठेवायचे. बियाण्यांचं दुकान पोराच्या हातात देऊन ते घरी बसले होते, आणि घरी बसल्यापासून गल्लीतल्या प्रत्येक गाडीबद्दल त्यांचं एक मत तयार होतं. पुढचे शॉकॉप्सर गेलेत, असं ते कुंपणावरनं सांगायचे. आकाराम मान हलवून घरात जायचा. त्याला ठाऊक होतं. खड्ड्यांचे धक्के झेलणारे शॉकॉप्सर गेले होते, ब्रेकची पॅडं पार झिजली होती, आणि गॅरेजला टाकू, टाकू म्हणता म्हणता पावसाळा निघून गेला होता.

आकारामची मुलगी क्रांती यंदा दहावीला. मे महिन्यापर्यंत ती चांगली होती, असं तिची आई सांगायची. मे महिन्यात तिनं तात्यासोंच्या स्कूटरची क्लचवायर बदलली आणि तिथनं जी बिघडली ती बिघडलीच. मग घरच्या मोपेडचे मागचे ब्रेक केले. मग उरलेली सुट्टी उद्यमनगरात, वडिलांचे दोस्त अमरसिंह यांच्या गॅरेजवर उभं राहून काढली. मध्येच एकदा घरचा मिक्सर उघडला. तो अजून उघडाच होता, पण तो विषय ती निघू देत नव्हती. शाळा सुरू झाल्यावर मैत्रिणींच्या लक्षात आलं की क्रांती आता बोलताना कमरेवर हात ठेवते आणि रस्त्यानं जाणाऱ्या रिक्षाचा आवाज ऐकून तिला काय झालंय ते सांगते. खरं असायचं की खोटं, कोण जाऊन बघणार?

गणपती झाल्यावर एका रात्री ताटावर बसल्या बसल्या तिनं जाहीर केलं, की दहावीनंतर ती ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करणार. आकाराम गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहून म्हातारा व्हायला लागला होता. मशीनशॉपबद्दल त्याची एकच इच्छा होती, आपल्या पोरीनं तिथं उभं राहू नये. तिच्यासाठी त्यानं मनातल्या मनात फार्मसी धरून ठेवली होती. पांढरा कोट, डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची. तो रागावला नाही. भाकरी संपवली, हात धुतला आणि परत येऊन बसला.

"गाडीची पुढची दोन्ही चाकं कर," तो म्हणाला. "शॉकॉप्सर आणि ब्रेक. हात तुझा, मी नुसता बसून बघणार. दसऱ्याला त्याच गाडीतनं तुझ्या आईला आजऱ्याला न्हेतो. नीट गेलो आणि नीट आलो, तर डिप्लोमाचं बोलू. न्हायतर फार्मसी."

"आणि पोचलोच न्हाय तर?" आईनं विचारलं. आजरा तिचं माहेर. दसऱ्याला भावाकडं जायचं तिचं कधीचं ठरलं होतं आणि त्याची गाठ या पैजेला बांधलेली तिला आवडली नव्हती.

"पोचतोय की," क्रांती म्हणाली. "लिहून देतो पाहिजे तर."

आकारामनं आणखी एक अट घातली. शॉकॉप्सरवर जी जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते, ती घरी सोडवायची नाही. निसटली तर जबडा घेऊन जाते. ती अमरसिंहकडच्या प्रेसवरच दाबायची. हे क्रांतीला आधीच माहीत होतं, तरी नवीनच ऐकल्यासारखी तिनं मान हलवली.

अष्टमी रविवारी आली. सकाळी मागच्या चाकांना विटा लावून क्रांतीनं गाडीचं नाक जॅकवर उचललं, खाली दोन्हीकडं लोखंडी घोड्या सरकवल्या, आणि गाडी हलते का ते दोन्ही हातांनी ढकलून बघितलं. मग चाकं काढली. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅडं धरणारा चिमटा, सोडवून तारेनं वर बांधला, म्हणजे नळीवर वजन येत नाही. आकाराम पायरीवर बसून होता. तोंड उघडायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण उजवीकडचा खालचा बोल्ट गंजून जाम झाला आणि क्रांती पान्यावर उभी राहून उड्या मारायला लागली, तेव्हा त्यानं घरातनं लांब पाइप आणून न बोलता तिच्या शेजारी ठेवला. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवल्यावर बोल्ट कुरकुरत सुटला. "मला सुटलाच असता," क्रांती म्हणाली. आकाराम म्हणाला, व्हय.

दुपारी दोघं मोपेडवरनं दोन्ही शॉकॉप्सर घेऊन उद्यमनगरात गेले. अमरसिंहांनी रविवार असून शटर वर केलं, जुन्यावरची स्प्रिंग नव्यावर चढवून दिली, आणि पोरीला कामाला लावून स्वतः पायरीवर बसायची आकारामची युक्ती आपण का नाही काढली, असं विचारलं. परत येऊन क्रांतीनं डावी बाजू पुरी केली. नवा शॉकॉप्सर बसला, नवी पॅडं बसली, चाक चढलं. आता उजवं घ्यायचं, तर अंधारून आलं. उजवीकडं नुसतीच ब्रेकची उघडी चकती, डिस्क, राहिली. उद्या उजवं, परवा आजरा, असं म्हणत ती हात धुवायला गेली.

तिच्या हिशेबात नवमी म्हणजे शाळेला सुट्टी. आकारामच्या हिशेबात नवमी म्हणजे खंडेनवमी.

सोमवारी ती उठून बाहेर आली तर गाडीखालचे सगळे पाने गायब. जॅकसुद्धा नव्हता. गाडी घोड्यांवर होती तशी होती आणि आकाराम अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, अंगणात डिझेलच्या डब्यासमोर बसला होता. एकेक पाना डिझेलमध्ये बुडवायचा, ब्रशनं घासायचा, फडक्यानं पुसून बाजूला ठेवायचा. त्याच्या बापानं नांगराचा फाळ आणि कोयता पुजला होता, हा पाने आणि लेथवरच्या कामाचं माप घ्यायचा मायक्रोमीटर पुजायचा. क्रांतीनं वाद घालून बघितला. अर्धा दिवस द्या म्हणाली, नुसता एक पाना द्या म्हणाली, शेवटी देवाला चालतं म्हणाली.

"आज हत्यारं देवाची," आकारामनं वर न बघता सांगितलं. "वरीसभर आपल्यापायी झिजत्यात. एक दिवस त्यास्नी कोण हात लावत न्हाय. कंपनीतली एवढाली मशीनं आज हार घालून गप उभी हाईत, तुझा पाना काय लई मोठा लागून गेला?"

क्रांती तासभर फुगून बसली. पण फुगून बसायला तिला फार वेळ जमत नसे. देवाचाच दिवस आहे तर आपलंही सामान देवापुढं का नको, असं तिच्या डोक्यात आलं आणि ती उठली. उजवीकडचा नवा शॉकॉप्सर उचलून आणला, पॅडांचं खोकं आणलं, आणि पाटावर वडिलांच्या हत्यारांशेजारी नेऊन ठेवलं. आपला मायक्रोमीटर, ज्याला तो घरात कुणाला शिवू देत नसे, तो आकारामनं थोडा सरकवला आणि जागा करून दिली. ते क्रांतीनं बघितलं. ती नाचतच कोपऱ्यावर झेंडूची फुलं आणायला गेली.

परत आली तोवर मांडणी झाली होती. पाने, हातोड्या, व्हर्नियर, मायक्रोमीटर, जॅक, शॉकॉप्सर आणि खोक्यातनं बाहेर काढून एकावर एक ठेवलेली पॅडं, सगळं ओळीनं, सगळ्यावर हळदकुंकू, आणि सगळं कसं लखलखत होतं. तिनं फोटो काढला, स्टेटसला ठेवला. मग दिवसभर तिला काही काम उरलं नाही. तात्यासोंनी कुंपणावरनं गाडीकडं बघून, आज लंगडी खेळणार वाटतं, एवढं बोलून घेतलं.

दसऱ्याला सकाळी आकारामनं उत्तरपूजा केली, पाटावर अक्षता टाकल्या आणि सगळ्यात आधी एक पाना उचलून क्रांतीच्या हातात दिला. तिनं उजवी बाजू डावीपेक्षा निम्म्या वेळात बसवली. हाताला आता वाट माहीत झाली होती. पॅडांवरचं कुंकू तिनं फडक्यानं पुसलं, आत आई पुऱ्या तळता तळता किती वेळ म्हणून विचारत होती, आणि पॅडं कॅलिपरमध्ये जाऊन बसली. चाक चढवलं, गाडी खाली घेतली. उजव्या कोपऱ्यावर बॉनेट दाबून सोडलं. गाडी एकदा वर आली आणि तिथंच थांबली. जुन्या शॉकॉप्सरवर ती चार झोके घ्यायची.

"आधी ब्रेकचं पायडल मारा, मग चालू करा," तिनं वडिलांना बजावलं. पहिल्यांदा पायडल थेट तळाला गेलं, मग हळूहळू घट्ट झालं. आकाराम पांढरा शर्ट घालून गाडीत बसला, क्रांती शेजारी. एक चक्कर मारून यायची, मग आईला घ्यायचं आणि निघायचं.

कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर काहीच आवाज झाला नाही. आकारामनं गाडी थांबवली, मागं घेतली आणि परत एकदा स्पीडब्रेकरवरनं नेली. तरीही नाही. क्रांती खिडकीतनं बाहेर बघत राहिली, कारण समोर बघितलं असतं तर हसू आलं असतं. रिंगरोड सणामुळं रिकामा होता. तिथं आकारामनं थोडा वेग घेतला आणि ब्रेक दाबला.

गाडी थांबली. पण थांबायच्या आधी नाक डावीकडं वळवून थांबली. स्टेअरिंग आकारामच्या हातातनं जरासं ओढलं गेलं, ते क्रांतीला शेजारी बसून दिसलं. परत एकदा दाबला. परत डावीकडं. आणि या वेळी उजव्या चाकाकडनं वास आला, तवा तापल्यावर त्यावर तेलाचा थेंब पडावा तसा.

"नवीन हाय," आकाराम म्हणाला. "बसंल हळूहळू. आणि रस्त्याला हितं उतार हाय डाव्या अंगाला."

क्रांती मनातल्या मनात हिशेब करायला लागली. नवी पॅडं बसायला वेळ लागतो, हे खरं होतं. रस्त्याला उतार होता, हेही खरं. पण पॅडं दोन्हीकडची नवी होती, एकाच खोक्यातली होती, मग एकच बाजू का धरते? डावी अष्टमीला बसवली आणि उजवी आज. मध्ये काय झालं? मध्ये काहीच झालं नव्हतं. मध्ये फक्त नवमी होती. पाटावरची ओळ तिला आठवली. सगळं लखलखत होतं. पाने चमकतात, मायक्रोमीटर चमकतो. ब्रेकचं पॅड कधी चमकत नाही.

घरी आले तर आई काठापदराची साडी नेसून, पुऱ्यांचा डबा आणि पिशव्या घेऊन पायरीवर उभी होती. भावाचा दोनदा फोन येऊन गेला होता. तात्यासो कुंपणाशी येऊन, आवाज गेला म्हणजे गाडीच गेल्यासारखं वाटतंय, म्हणाले. आकारामनं डिकी उघडली आणि एक पिशवी आत ठेवली.

क्रांती गाडीतनं उतरली नव्हती. इथनं पुढं तिला फक्त गप्प बसायचं होतं. निपाणीपर्यंत हायवे, पुढं उत्तूरकडची वळणं, मग मामाचं घर. पप्पा काय वेगानं चालवत नाहीत. बहुतेक पोचलेच असते. पोचले की डिप्लोमा. आणि बोललं तर, एक म्हणजे गाडी जात नाही, गाडी गेली नाही की अट मोडली, आणि दुसरं म्हणजे जे बोलायचं ते पप्पांच्या पूजेबद्दल बोलायचं. तिनं सीटबेल्ट सोडला, परत लावला, परत सोडला.

"पप्पा," ती उतरून म्हणाली, "पॅडास्नी तेल लावलतं का?"

"कवा?"

"नवमीला. पुजायच्या आधी."

आकारामनं दुसरी पिशवी हातात धरली होती, ती तशीच राहिली. "लोखंड हाय," तो म्हणाला. "लोखंडाला तेलाचा हात दिल्याबिगर देवापुढं ठेवत न्हाईत." आणि मग तो थांबला. काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. पॅडाच्या पाठीला लोखंडी पट्टी असते, तिला त्यानं दरवर्षीच्या सवयीनं तेलाचं फडकं फिरवलं होतं, आणि मग पॅडं एकावर एक ठेवली होती, एकाची तेलकट पाठ दुसऱ्याच्या तोंडावर, म्हणजे डिस्क धरणाऱ्या अंगावर, दिवसभर आणि रात्रभर. लेथवर असा गोंधळ एखाद्या पोरानं घातला असता तर आकारामनं त्याला दारात उभं केलं असतं.

"पेट्रोलनं धुवू," तो म्हणाला. "पॉलिश पेपर मारू. जाईल."

"वास जाईल. तेल न्हाय जायचं, आत मुरलंय."

"आजरा काय लांब हाय गं?"

"गाडी न्हाय सोडायची," क्रांती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, कमरेवर हातही नव्हता. "नवी पॅडं आणून बसवल्याबिगर न्हाय."

आकारामनं पार्टच्या दुकानदाराला फोन लावला. दुकान नवमीचा हार घालून बंद होतं, आणि मालक आपल्या गावी शिलंगणाला गेला होता. उद्या सकाळी उघडतो म्हणाला. तेवढ्यात क्रांतीनं चाक काढलं. पॅडाचं तोंड काळं, ओलसर दिसत होतं आणि कडेच्या फटीत कुंकवाची एक बारीक रेघ राहिली होती. तिनं ते वडिलांना दाखवलं नाही, तसंच पायरीवर ठेवलं. आकारामनं जाता येता बघितलं.

आईनं मात्र कुणाचं काही बघितलं नाही. तुमच्या दोघांच्या पैजेपायी मी माझा दसरा सोडत नाही, असं तिनं सांगितलं आणि पुऱ्यांच्या डब्यासकट आकारामला मोपेडवर बसवून स्टँड गाठला. आजऱ्याची एसटी भरलेली होती, तरी ती चढली. निघताना खिडकीतनं, घरात बासुंदी आणि उरलेल्या पुऱ्या आहेत, बासुंदी उतू घालवू नका, एवढं सांगितलं. क्रांतीसाठी काही निरोप दिला नाही.

बापलेकीनं दुपारी बासुंदी-पुरी खाल्ली. आकारामनं तिच्या ताटात बासुंदी दोनदा वाढली, पण फार्मसीचं काही काढलं नाही आणि डिप्लोमाचंही नाही. क्रांतीनंही विचारलं नाही. अट सरळ होती. गाडी आजऱ्याला गेली नव्हती. जेवण झाल्यावर ती पुस्तक घेऊन बसली आणि एकच पान कितीतरी वेळ उघडून ठेवलं.

संध्याकाळी तात्यासो आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला आले. चहा झाला. बाहेर बघितलं तर गाडी परत घोडीवर, उजवं चाक काढलेलं. दिवसभर त्यांनी स्वतःला आवरलं होतं, आता राहवलं नाही.

"आकाराम, वहिनी एसटीनं गेल्या म्हणं. गाडी तर सकाळी चांगली पळाली की. का न्हाय काढली?"

क्रांती आतल्या खोलीत होती. पुस्तक तिनं मिटलं.

"मिस्त्रीनं सोडली न्हाय," आकाराम म्हणाला.

"कुठल्या मिस्त्रीनं? घरीच करतोय म्हणालास न्हवं?"

आकारामनं बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि हनुवटीनं आतल्या खोलीकडं दाखवलं. "काम पटलं न्हाय त्यास्नी," तो म्हणाला. "आपलं काय चालतंय मग?"

तात्यासो हसले. आकाराम हसला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी तो उद्यमनगरात जाऊन आला. पॅडांचं खोकं त्यानं मोपेडच्या हुकाला न अडकवता, एका हातानं अंगापासून लांब धरून आणलं होतं. क्रांती शाळेच्या गणवेशावर जुना शर्ट चढवून चाकाशी बसली होती आणि कापडानं डिस्क घासत होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

"त्या डिप्लोमाचे फॉर्म कधी निघत्यात गं?" त्यानं विचारलं.

"निकालानंतर," क्रांती म्हणाली. तिनं मान वर केली नाही. वडील खोकं उघडायला लागले, तेव्हा मात्र केली.

"पप्पा, आधी हात धुवून या," ती म्हणाली. "साबणानं. मग द्या."

आकारामनं खोकं स्वच्छ पायरीवर ठेवलं आणि तो मोरीकडं गेला.